एका मताचे आभार

निवडणूक जिंकलेला माणूस गळ्यात हार घालून गावोगाव फिरतो. आमचे मामाजी हरल्यावर फिरत. मामाजी म्हणजे माझे सासरे. ते विधानसभेला पाच वेळा अपक्ष उभे राहिले आणि पाचही वेळा पडले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते धुतलेला पांढरा सदरा घालत, टोपी झटकत आणि ज्या ज्या गावाने मत दिले त्या गावाला आभार मानायला निघत. मतमोजणीत गाववार आकडे कळतात. एखाद्या गावात एकच मत पडले असले, तरी ते गाव ते सोडत नसत. म्हणत, "थो मानूस माह्यासाठी लायनीत उभा राह्यला, अन् मी घरी बसू?"

आमच्या मतदारसंघाचा इतिहास दोन घरांचा आहे. एका घराला लोक ‘बंगला’ म्हणत, दुसऱ्याला त्यांच्या सरकी काढायच्या कारखान्यावरून ‘जिनिंग’. कधी बंगला निवडून येई, कधी जिनिंग. बापांच्या जागी मुलगे आले, मुलांच्या जागी सुना आल्या. पक्ष बदलले, घरे तीच राहिली. मामाजींचे म्हणणे एवढेच होते की तिसरे एक नाव असले पाहिजे. "ज्याले दोघंबी नको असन, त्यानं कुठी जाव?" पुढे मतदान यंत्रावर ‘यांपैकी कोणी नाही’ असे बटण आले. माझा नवरा म्हणाला, "बाबा, आता तं बटनच आलं. तुमचं काम संपलं." मामाजींनी पान लावता लावता विचारले, "थे बटन निकालानंतर कोनाच्या घरी रामराम कराले जाते का रे?"

अपक्षाला दर वेळी नवे चिन्ह मिळते. कधी छत्री, कधी कपबशी, कधी शिट्टी. मी लग्न होऊन आले त्या वर्षी त्यांना शिलाई मशीन मिळाले होते. ही बातमी सांगत ते घरात आले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढे होत्या. त्या मागे न पाहताच म्हणाल्या, "कागदावरची कायले आनली? खरीच आनाची होती. सूनबाईनं दोन झबले तरी शिवले असते." मामाजी हसले. मी वर्ध्याच्या माहेराहून पुस्तकांची एक पेटी घेऊन आले होते आणि या घरात कसे राहायचे ते मला कळत नव्हते. त्या हसण्याने थोडे कळले.

नवऱ्याला मात्र या फेरीची लाज वाटे. "हरलेला मानूस असा मिरवते का, बाबा? लोक हासून राह्यले."

"हासू दे. रडून तं नाई ना राह्यले."

एकदा एका गावात त्यांना एकच मत पडले होते. ते पारावर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ज्या कोन्या भावानं, बहिनीनं मत देलं, त्याचा मी आभारी हाय." तेवढ्यात एक जण पुढे आला, मीच दिले म्हणाला, आणि त्यांना चहाला घेऊन गेला. तिथून निघाले तर दुसरा दारात उभा होता. असे पाच घरी झाले. संध्याकाळी घरी येऊन ते हे सांगत होते आणि आत्याबाई डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. मी विचारले, "मामाजी, मग खरे कोणी दिले होते?"

"थे इचारू नये, सूनबाई. पाच जनायले वाटलं का आपन देलं असतं तं बरं झालं असतं. कमी हाय का? मत एकच होतं, पन चहा पाच घरचा खरा होता."

आत्याबाई वारल्या, त्यानंतरच्या निवडणुकीला ते उभे राहिले नाहीत. सगळ्यांना वाटले, सुटलो. पण गेल्या विधानसभेला त्यांनी पुन्हा अर्ज भरला. या वेळी चिन्ह टॉर्च होते. गुडघे गेले होते, म्हणून निकालानंतरची फेरी माझ्या स्कुटीवरून झाली. मी शिकवते ती शाळा सुटली की मी घरी येई, ते फाटकात तयार असत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी चालली होती. तळेगावच्या बाजूला एका म्हाताऱ्याने त्यांच्या पिशवीत संत्री भरली आणि म्हणाला, "मत नाई देलं दादा, खोटं कायले बोलू. पन हे घेऊन जा." मामाजींनी त्याचेही आभार मानले.

शेवटी बोरखडी राहिली. मतदारसंघाच्या टोकाला, जंगलाला लागून. तिथे एक मत होते. रस्ता खराब, म्हणून ते म्हणाले, "रविवारी जाऊ. सकायीच निघू." शुक्रवारी सकाळी मी चहाला हाक मारली, तेव्हा ते उठले नाहीत. झोपेतच गेले होते.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. बंगल्यातून माणूस आला, जिनिंगमधून हार आला. मी भांडी मोजून दिली, लोकांना पाणी दिले. मला रडू आले नाही, अजूनही आलेले नाही. तेरवी झाल्यावरच्या रविवारी मी स्कुटी बाहेर काढली. नवरा म्हणाला, "काऊन जातं आता? संपलं ना थे." मी म्हटले, "एक गाव राहिलं आहे." तो आत जाऊन माझे हेल्मेट घेऊन आला.

बोरखडीच्या पारावर चारपाच माणसे होती. मला भाषण येत नाही. मी म्हटले, "मी त्यांची सून. तुमच्या गावानं त्यांना एक मत दिलं. ते येणार होते. येता आलं नाही. म्हणून मी आले."

मग एक म्हातारी म्हणाली, "मीनं देलतं व माय थे मत."

"तू त्या दिवशी लेकीकडे गेलती ना बुढे!" शेजारचा एक जण म्हणाला. "मत तं मी देलं."

"तू जिनिंगच्या जीपमंधी बसून गेलता, मले दिसत नाई का?"

मी दोघांकडेही चहा घेतला. चहा गोड होता, एवढे लक्षात आहे. मामाजी असते तर घरी येऊन ही गोष्ट त्यांनी कशी सांगितली असती, ते मला ऐकू येत होते. पण हसू आले नाही.

निघताना पारावरचा एक माणूस माझ्या मागे स्कुटीपर्यंत आला. मघापासून तो एक शब्दही बोलला नव्हता. उतार होता, म्हणून त्याने गाडी धरली.

"ब्रेक जपून मारजो, ताई. खाली गिट्टी हाय."

"बरं."

त्याने गाडी सोडली नाही. रस्त्याकडे पाहत म्हणाला, "आता पुढच्या खेपेले मी कोनाले देऊ?"

मी काही विचारले नाही. "सांगते," एवढेच म्हटले आणि निघाले. त्याला अजून काही सांगता आलेले नाही.