सहकारी डोंगरावरची बैठक

खरं सांगा, सुटीच्या दिवशी कुठे जायचं हे तुमच्या घरात कोण ठरवतं? ज्याच्या हातात गाडीची किल्ली असते तो? जो सगळ्यात मोठ्याने बोलतो तो? मग तुमच्या घरात हुकूमशाही आहे. आमच्या घरात मतदान होतं.

न्यू जर्सीमधल्या पार्सिपनीतल्या आमच्या घरात माणसं तीन, मतंही तीन. बाबा नागपूरचे. माझ्या आजोबांनी हयातभर चळवळीची पत्रकं वाटली, बाबांनी लहानपणी त्यांच्या घड्या घातल्या, आणि अमेरिकेला येताना लोक लोणच्याच्या बरण्या आणतात तसं बाबांनी पत्रकांचं एक खोकं आणलं. मी मराठी वाचायला शिकले ती त्या खोक्यातून. इतर मुलं बदक आणि कमळ वाचत होती तेव्हा मी ‘बंधू-भगिनींनो, जागे व्हा’ वाचत होते. अशा घरात पिझ्झ्यावर काय घालायचं यासाठीही बैठक बसते. आई अध्यक्ष, बाबा सचिव, आणि मी जन्मापासून विरोधी पक्ष.

चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी सतरा वर्षांची होते आणि मला कॅलिफोर्नियातल्या कॉलेजात जायचं होतं. बाबांच्या मते घरापासून चाळीस मिनिटांवर उत्तम कॉलेज होतं. तीन महिने आम्ही दोघं याच विषयावर भांडत होतो. बाकी बोलणं बंदच झालं होतं. शेवटी एका बैठकीत बाबा म्हणाले, “असं कर बेटा. एका दिवसाची सहल आख. फक्त आपण दोघं. तुला बर्फावर जायचंय ना, स्कीइंगला जाऊ. जागा तू सुचव, बुकिंग तू कर. तो एक दिवस धड पार पडला तर कॅलिफोर्नियाला माझा विरोध नाही. नाही पडला, तर विषय संपला.”

“लेखी द्या,” मी म्हटलं. त्यांनी दिलं. तारखेसकट.

बाबांचा पेशा सॉफ्टवेअर तपासण्याचा. सुचवण्याचा अधिकार माझा असूनही त्यांनी स्वतःहून स्प्रेडशीट केली. पंधरा डोंगर, बारा रकाने: अंतर, नवशिक्यांचे उतार, जवळचं हॉस्पिटल. पहिला नंबर आला एका बड्या कंपनीच्या डोंगराचा. तिथे पार्किंगला बस होती, बर्फ पाडायच्या तोफा होत्या आणि शाकाहारी सूपसुद्धा होतं.

मी उभी राहिले. (आमच्याकडे उभं राहूनच बोलतात.) “अध्यक्ष महोदया,” मी म्हटलं, “डोंगर कुणाच्या बापाचा आहे? एकेक कंपनी दहा-दहा डोंगर गिळते आणि लहान टेकड्या बंद पडतात. मी तुम्हाला एक डोंगर दाखवते, जो तिथल्या गावकऱ्यांनी मिळून चालवलाय. मालक नाही, नफा नाही. तिथे एका दिवसाचं सभासद होता येतं. तिकीट नाही. मोबदल्यात थोडं श्रमदान.”

“कसलं श्रमदान?” बाबांनी विचारलं.

“श्रमाला कमी लेखू नका, बाबा.”

हे उत्तर नव्हतं. मला उत्तर माहीतच नव्हतं. वेबसाइटवर ‘मालक कोणी नाही’ ही ओळ वाचली आणि माझे डोळे इतके भरून आले की खालचा अर्ज मी तसाच भरून टाकला. बाबांचं मत कंपनीला, माझं सहकाराला. बरोबरी. आईने हातातला फोन खाली न ठेवता निर्णायक मत दिलं. “पोरीच्या डोंगरावर जा. आणि संध्याकाळपर्यंत येऊ नका.”

अडीच तास ड्राइव्ह करून आम्ही पोचलो तेव्हा डोंगर नव्हता. म्हणजे असेल, पण दिसत नव्हता. धुकं इतकं दाट की गाडीतून उतरल्यावर मला गाडी दिसेना. पार्किंगमध्ये मोजून सहा गाड्या. संगीत नाही, पोरांचा गोंधळ नाही, सुपाचा वास नाही. फक्त वर कुठेतरी एक मोठं चाक फिरत असल्याची कुरकुर येत होती.

“गर्दी नाही,” मी म्हटलं. “बघा.”

“दिसेल तेव्हा बघू,” बाबा म्हणाले.

एका लाकडी खोपटात दिवा होता. आत एक गोरी बाई बसली होती. तिच्या टोपीला पुढे दोन डोळे आणि मागे शेपूट होतं. माझं नाव ऐकताच ती उठून उभी राहिली आणि तिने माझे दोन्ही हात हातात घेतले. “तुम्ही आलात,” ती म्हणाली. “फार थोडे लोक तयार होतात.”

बाबा मराठीत म्हणाले, “हिच्या डोक्यावर मेलेलं जनावर आहे.”

“बाबा.”

“तिला कुठं समजते?”

मग त्या बाईने आम्हाला एकेक नारिंगी बंडी दिली. माझ्या छातीवर आणि पाठीवर पाच, बाबांच्या सहा.

“नंबर कशाला?” बाबांनी मला विचारलं.

“समानता. इथे नाव, आडनाव, हुद्दा काही नाही.” (हे मी खरंच बोलले. आडनावावरून माणूस ओळखणाऱ्या सगळ्या जगाला मी त्या बंडीतून उत्तर देत होते.)

“आणि स्की? बूट? ते कुठून भाड्याने घ्यायचे?” बाबांनी बाईला इंग्रजीत विचारलं.

ती हसली. “तुम्हाला त्यांची गरज पडणार नाही.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “वर सामायिक असतील.”

“घरी सांगून आलात ना?” बाईने विचारलं. “वर बराच वेळ जाईल.” आणि तिने आमच्या हातांवर एकेक जास्तीची कानटोपी ठेवली. प्रसाद ठेवतात तशी.

चेअरलिफ्ट म्हणजे तारेला टांगलेली बाकडी. एकेक खुर्ची मागून येते, गुडघ्यात मारते आणि तुम्हाला उचलून नेते. आम्ही बसलो. दहा सेकंदांत खालचा दिवा गेला, मग जमीन गेली. बाबांनी समोरचा दांडा असा धरला होता की त्यांच्या हातमोज्यांची शिवण ताणली गेली. मग समोरच्या पांढऱ्यातून एक आकार आला. खाली जाणाऱ्या बाजूने एक खुर्ची येत होती. तिच्यावर एक माणूस बसला होता. मान खाली, हात मांडीवर.

“गुड मॉर्निंग,” बाबा म्हणाले. बाबा कुणालाही गुड मॉर्निंग म्हणतात.

तो काही बोलला नाही. मानही वर केली नाही. आमच्यापासून हातभर अंतरावरून गेला आणि धुक्यात मिटला.

दुसरी खुर्ची आली. तिच्यावर दोघं. दोघांच्याही माना खाली. एकाचा पाय उलट्या दिशेला वळलेला होता.

“गुड मॉर्निंग,” बाबांचा आवाज जरा बारीक झाला. “सुजाता, ही वरून परत येणारी माणसं अशी का दिसून राहिलीत?”

“थकली असतील.”

“अकरा वाजता?”

तिसऱ्या खुर्चीवरच्या माणसाला चेहराच नव्हता. जाकीट होतं, टोपी होती, आणि दोन्हीच्या मध्ये गवत होतं. मी हे पाहिलं. बाबांनी पाहिलं की नाही ते मी विचारलं नाही, कारण त्याच क्षणी लिफ्ट थांबली.

कुरकुर बंद झाली. आमची खुर्ची पुढे झुकली, मागे आली आणि हलायची थांबली. अशी शांतता मी न्यू जर्सीत कधी ऐकली नव्हती. मग खालून, आमच्या पायांच्या बरोबर खालून, एक आवाज आला. सावकाश, इंग्रजीत, यादी वाचावी तसा.

“तीन नंबर गेलेला आहे. चार नंबर बेशुद्ध. पाच आणि सहा, बाप आणि मुलगी, प्रचंड घाबरलेले.”

बाबांनी आपल्या पाठीला हात लावून पाहिला.

आणि तेव्हा, जमिनीपासून तीस फुटांवर, मला त्या अर्जाची खालची ओळ आठवली. मी ती वाचली नव्हती, पण तिच्यावर खूण केली होती. डोळ्यांच्या कडेतून जेवढी दिसली होती तेवढी आता हळूहळू वर आली. सराव. बचाव. स्वयंसेवक जखमी. आज डोंगर स्कीइंगसाठी बंद होता. बंद पडलेल्या लिफ्टवरून माणसं दोरीने कशी उतरवायची, याचा सराव होता. गवत भरलेली ती बुजगावणी होती. आणि अडकून घाबरणारी माणसं म्हणून दोघं हवी होती.

मी बाबांना सगळं सांगितलं.

“म्हणजे आपण घाबरण्याचं श्रमदान करायला आलो,” ते म्हणाले.

“हो.”

“अर्ज न वाचता.”

“हो.”

“नापास,” बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दात वाजत होते.

माझं कॅलिफोर्निया त्या धुक्यात कुठेतरी खाली पडलं आणि पडल्याचा आवाजही आला नाही. म्हणून मी भांडायला सुरुवात केली. तीन महिन्यांचं सगळं काढलं. तुम्ही आयुष्यभर स्वातंत्र्यावर भाषणं केलीत आणि घरातल्या एका मुलीला एक विमान पकडू देत नाही. खालून कुणीतरी कौतुकाने म्हणालं, “हे दोघं फारच छान करतायत.”

बाबा दांड्याकडे पाहत म्हणाले, “मला उंचीची भीती वाटते. तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. खाली बघावं लागू नये म्हणून वीस वर्षं मी प्रत्येक पुलावर फोन आल्याचं नाटक करतो.”

मी खुर्चीखाली हलणारे पाय थांबवले.

“आणि दुसरं. तू गेलीस की घरात मतं किती राहतील? दोन. प्रत्येक ठराव बरोबरीत. तुझ्या आईशी मी काय, पिझ्झ्यावरून मरेपर्यंत बसून राहू? तू तिसरी आहेस म्हणून ते घर चालते.”

यावर काय म्हणायचं ते कुठल्याच पत्रकात नव्हतं. मी त्यांच्या हातमोज्यावर माझा हातमोजा ठेवला आणि विषय बदलावा म्हणून मागच्या खुर्चीकडे पाहिलं. धुकं जरा विरळ झालं होतं, आणि तिथे चार नंबरची बंडी घातलेलं एक धूड मान टाकून बसलं होतं.

“हे मात्र चांगलं भरलंय,” मी म्हटलं. “पोटात गवत जरा जास्त झालंय.”

“चेहराही केलाय,” बाबा म्हणाले. “पण नाक फारच मोठं.”

खालून तारेवर टाकलेली दोरी आमच्यासमोर आली. आवाज आला, “पाच आणि सहा, आधी कोण?”

“ती,” बाबा म्हणाले.

“ते,” मी म्हटलं. “बाबा, तुम्ही थरथरताय.”

“मी बाप आहे. तू आधी.”

“ही पितृसत्ता आहे.”

“ठीक आहे. मतदान घे.”

घेतलं. एक विरुद्ध एक. पुन्हा घेतलं. दोरी आमच्यामध्ये लोंबत राहिली. तिसऱ्यांदा हात वर केले तेव्हा मागच्या धुक्यातून, चार नंबरच्या बुजगावण्याने, मान न हलवता, अगदी घसा धरलेल्या आवाजात म्हटलं:

“अरे उतरा ना बापा कोणीतरी. माहे पाय गोठले.”

मी आयुष्यात एकदाच खरी किंचाळले, ती तेव्हा. बाबा किंचाळले नाहीत. ते नुसते “जयभीम” म्हणाले. घाबरून तोंडून जे निघालं ते निघालं.

“जयभीम, काका,” बुजगावणं म्हणालं. “माझं मत तुम्हाला. तुमचे दात मले इथपर्यंत ऐकू येऊन राहिले. तुम्ही आधी उतरा.”

दोन विरुद्ध एक. ठराव मंजूर. बाबा डोळे मिटून दोरीच्या पट्ट्यात बसले आणि शिस्तीत खाली गेले. खालून आवाज आला, “चार नंबर, तुम्ही बेशुद्ध आहात. बोलायचं नव्हतं.”

त्या अमरावतीच्या सुनंदा मावशी. डोंगराखालच्या गावातल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये वीस वर्षं काम करतात आणि दर हिवाळ्यात बेशुद्ध होतात. खोपटात कोको पिताना त्यांनी आम्हाला सांगितलं की बेशुद्ध माणसाचा पहिला नियम गप्प राहण्याचा. तो त्यांनी पूल, पिझ्झा आणि पोटातलं गवत, सगळ्यातून पाळला. “नाकावर मात्र मी बोलणारच होते,” त्या म्हणाल्या. मेलेल्या जनावराची टोपी घातलेली बाई शेजारीच बसली होती. मावशींनी तिला काय काय भाषांतर करून सांगितलं ते मला माहीत नाही, पण तिने टोपी काढून पिशवीत ठेवली.

परतीच्या रस्त्यावर एक पूल लागला. बाबांना फोन आला नाही.

त्या आठवड्याच्या बैठकीत बाबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं की सहल धड पार पडली नाही, सबब मुलगी नापास. त्याखाली दुसरा ठराव लिहिला: मुलीने कॅलिफोर्नियाला जावं आणि तिसरं मत फोनवरून द्यावं. मी बाजूने हात वर केला, आईने केला, आणि बाबांनी लिहिणं थांबवून हात वर केला. आमच्या घरातला तो पहिला एकमताचा ठराव. तेव्हापासून मी तीन हजार मैलांवरून पडद्यांच्या रंगावर आणि पनीरच्या ब्रँडवर मत देते, आणि दोन्ही पक्ष मला आदल्या दिवशी गुपचूप फोन करून फितवायला बघतात.

तर वाचकहो, एक विनंती आहे आणि ती मनावर घ्या. त्या डोंगराला दर हिवाळ्यात घाबरायला माणसं लागतात. आम्ही बापलेक चार वर्षं गेलो, पण यंदा मावशींनी लेखी कळवलंय की तुम्ही दोघं वर बसून मजेत गप्पा मारता, चिवडा खाता, बचाव पथकाला सराव होत नाही. त्यामुळे पाच आणि सहा नंबर दुसऱ्या कुणाला देत आहोत, असंही त्यात आहे. तुमच्या जवळच्या लहान डोंगरालाही अशी माणसं लागत असतील. नाव द्या. ज्याच्याशी तुमचं धड बोलणं होत नाही अशा घरच्या एका माणसाला सोबत न्या. लिफ्ट चाळीस मिनिटं थांबते, फोनला रेंज नसते आणि उठून जायला जागा नसते. फक्त मागच्या खुर्चीवरच्याचं नाक आणि पोट याबद्दल काही बोलण्याआधी त्याला एकदा विचारा, गाव कोणतं म्हणून.