आईची खडीसाखर आणि व्हेनिसचा ऑपेरा

व्हेनिसच्या एका ऑपेरात मी तीनेक मिनिटं काम केलं आहे. ते काम मला कुणी दिलं नव्हतं.

झालं असं, की ताथवड्याची आमची जमीन इमारतींखाली गेली, तळवड्यातलं वर्कशॉपही बरं चालू लागलं, आणि माझ्या बायकोने, मनीषाने, इटलीची टूर ठरवली. साधी नव्हे. खाजगी मैफली, संग्रहालयं फक्त आपल्यासाठी उघडणार, असली. बरोबर आई. उभा जन्म चिंचवड गावठाणात गेलेला, वय बहात्तर, अंगावर नऊवारी आणि पायात नवेकोरे स्पोर्ट्स शूज.

मी महिनाभर मोबाईलवर ऑपेरा बघून तयारी केली होती. (दर वेळी दहाव्या मिनिटाला झोप लागायची. पण पहिली दहा मिनिटं पक्की होती.) त्या जोरावर मी बोटीतच दोघींचा क्लास घेतला.

"आई, तिथं बोलायचं नाही. मध्येच टाळ्या वाजवायच्या नाहीत. मी करीन तसं करायचं."

"आरं, मी काय पयल्यांदा गाणं ऐकतीय व्हय?"

"हे वेगळं असतं."

"बरं बाबा," म्हणून आई पाण्याकडे बघत बसली.

कार्यक्रम एका जुन्या महालात होता. स्टेजच नव्हतं. पन्नासेक पाहुणे खुर्च्यांवर, आणि कलाकार आपल्यामधूनच फिरत गाणार. शेवटच्या अंकाला सगळ्यांना शयनगृहात नेलं. आमच्या खुर्च्या पलंगाला अगदी लागून. पलंगावर आजारी नायिका शेवटच्या घटका मोजत होती, पण आवाज असा की झुंबर हलावं. मधूनमधून ती खोकायची.

"ह्ये खोकनं खोटं न्हाई," आई कुजबुजली.

"आई, नाटक आहे ते."

"मगाचं नाटक व्हतं. आत्ताचं खरं हाय."

मी डोळे वटारले. पुढच्या खोकल्याला आई उठली, कमरेची पिशवी सोडली आणि खडीसाखरेचे दोन खडे नायिकेच्या तळहातावर ठेवले.

"धर बाय. चघळ."

पन्नास माना वळल्या. आता कार्यक्रम थांबणार आणि आपल्याला बाहेर काढणार, या भीतीने मी आईला परत आणायला वाकत वाकत निघालो. पलंगाची मखमली चादर जमिनीवर लोळत होती. तिच्यात पाय अडकला आणि मी नायिकेच्या पायांशी पलंगावर बसलो. (बसलो म्हणजे आपटलो.)

नेमका त्याच क्षणी नायक धावत आत आला. प्रेयसी मरतेय आणि तिच्या पलंगावर सुटातला परका माणूस! तो थबकला. पण गडी कसलेला. त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला आणि आपलं सगळं दुःख माझ्या तोंडावर गायला सुरुवात केली. मी उठायला लागलो की तो मला दाबून बसवायचा. शेवटी मी मान हलवत सांत्वन करत राहिलो. समोर मनीषा तोंडाला रुमाल लावून गदगदत होती. ती रडतेय असं समजून शेजारची बाई तिची पाठ थोपटत होती. आई केव्हाच जागेवर जाऊन बसली होती.

नायिका मेली, टाळ्या झाल्या, आणि उठून ती सरळ आईकडे आली. आमचा टूर मॅनेजर केतन भाषांतराला धावला.

"आजी, त्या म्हणतायत, सकाळपासून त्यांचा घसा धरला होता. शेवटचा सूर लागेल याची खात्री नव्हती. तुमच्यामुळे लागला."

तिने आईचे दोन्ही हात हातात घेतले. मी सूट सारखा करत पुढे सरकलो. तिने केतनला काहीतरी विचारलं.

"हे गृहस्थ कोण, म्हणतायत."

"माझा ल्योक हाय म्हनावं," आई म्हणाली. "गान्यातलं काय कळत न्हाई त्येला, पर मनानं चांगला हाय."

केतनने याचं भाषांतर गरजेपेक्षा जास्त मन लावून केलं. त्या बाईने माझ्या गालावर हलकेच थोपटलं. मी बावन्न वर्षांचा आहे.

दुसऱ्या दिवशी फ्लॉरेन्सला एक खाजगी चित्रसंग्रह बघायचा होता. दारातच केतनने सगळ्यांना सूचना दिली, "कशालाही हात लावायचा नाही." मग तो माझ्याजवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "दादा, तुम्ही आपला माझा हात धरूनच चला."

मी धरला.