पाठीमागचं तोंड

शेतात तण आणि आमच्या खात्यात किस्से! एक निंदून काढला की दोन उगवतात. मी कृषी सहायक. मारेगावच्या पुढची, जंगलाला चिकटलेली गावं माझ्याकडे. सरकारी योजना बांधापर्यंत न्यायच्या आणि बांधावरचे किस्से घरी आणायचे. एरवी ते सांगताना मीच आधी हसते. पण मागच्या आठवड्यात एका काळजीनं डोळा लागला नाही. अंगणवाडीला सुट्टी, नवरा लोहाऱ्याला कारखान्यात, सासूबाई नेरला. मग चार वर्षांच्या चिऊला शेतावर न्यायचं का? तेही वाघ फिरतो त्या शिवारात? चांगली आई अशा वेळी काय करते, हे मी फोनवर शोधलंसुद्धा. फोननं डायपर दाखवले!

*

वन विभागानं निंदणाऱ्या बायांना मुखवटे वाटले. डोक्याच्या मागे बांधायचे. वाघ मागून येतो, त्याला तोंड दिसलं की बिचकतो, असा हिशेब. अंगणवाडीच्या ओट्यावर वनरक्षक आत्रामभाऊ समजावत होते, "पाठ दिसली का तो उठते. तोंड दिसलं का बसते. ध्यानात ठेवा!" चिऊ पहिल्या रांगेत, तोंडात बोट घालून ऐकत होती.

मुखवटे सगळे एकाच साच्यातले. गोरा, मिशीवाला, हसरा माणूस. बाया शेताकडे निघाल्या आणि तो एकच माणूस रांगेनं, माझ्याकडे बघून हसत हसत दूर जाऊ लागला.

"म्याडम," शांताबाई ओरडली, "आता सासूले समजत नाही, मी येऊन राह्यली का जाऊन राह्यली!"

सगळ्या खदखदून हसल्या. एकही तोंड हललं नाही.

*

फवारणीचे पंप दुरुस्त करणारे रशीदभाई. त्यांचीही थोडी कपाशी आहे जंगलाकडेला. मुखवटा पुढे केला तर त्यांनी हात जोडले. "नको म्याडम. मागून कोणी आवाज देल्ला, तर कोणत्या तोंडानं ओ देऊ?"

"मागून कोण आवाज देणार, भाई?"

"तेच तर म्हणून राह्यलो!"

*

फळबाग योजनेत रोपाशेजारी शेतकऱ्याला उभं करून फोटो काढायचा आणि अ‍ॅपवर चढवायचा. विठ्ठलरावांच्या शेतात गेले, तर ते आधीच रोपाजवळ उभे. तोंड जंगलाकडे, मुखवटा माझ्याकडे. मी बांधावरूनच एक फोटो घेतला, "थोडं डावीकडे, काका!" म्हटलं, दुसरा घेतला आणि चढवून मोकळी झाले.

रस्त्यावर विठ्ठलराव बैलगाडीत भेटले. "अवो म्याडम, फोटो काढाचा होता न?"

शेतात होतं ते बुजगावणं! त्यांच्या बायकोनं त्यालाही मुखवटा बांधला होता.

ऑफिसात सगळे पोट धरून हसले. मीही हसले. मग दोन्ही फोटो मोठे करून पाहिले. पहिल्यात बुजगावणं रोपाच्या उजवीकडे होतं. दुसऱ्यात डावीकडे.

मीच जागा बदलली असेल. बदललीच असेल.

*

सोनबाजींना अनुदानावर सौर कुंपण मिळालं. तुरीभोवती झटक्याची तार. दुसऱ्याच दिवशी सकाळी तारेखालची माती उकरलेली आणि ओल्यात पंजाचे ठसे. सगळे बाहेर जाणारे. आत येणारा एकही नाही! आत्रामभाऊ अख्खं कुंपण फिरून आले.

"सोनबाजी, तार बांधाच्या आधी तुरीत पाह्यलं होतं काय?"

"कायले पाहू? दिवसभर आमी तिथंच होतो न!"

"तोही तिथंच होता."

सोनबाजी तारेपासून दोन पावलं मागे सरकले. "भाऊ... मी त तुरीतच जेवलो. झोपलो भी!"

*

तर, चिऊला नेलंच. विठ्ठलरावांचा खरा फोटो बाकी होता आणि पोर्टल संध्याकाळी बंद होणार होतं. दोघींनीही मुखवटे बांधले. फोटो झाला. विठ्ठलराव शेतात थांबले, आम्ही सोनबाजींच्या तुरीला लागून जाणाऱ्या पांदणीच्या वाटेनं स्कूटीकडे निघालो. गवतात साप असला तर आधी मला चावावा, म्हणून मी पुढे. माझी काळजी नेहमी अशीच भलत्या दिशेला धावते! ओढणीचं टोक चिऊच्या मुठीत.

मध्येच मान वळवून पाहिलं. उंच गवतातून तिचं फक्त डोकं दिसत होतं आणि मुखवटा माझ्याकडे बघून हसत होता.

"चिऊ, तोंडावर नाही बांधायचा. मागे!"

थोडं पुढे जाऊन पुन्हा पाहिलं. तोच मिशीवाला. ओढणी ताणलेली.

स्कूटीपाशी पोचल्यावर वैतागून मी त्या मुखवट्याची दोरी सोडली. खाली केस होते. सकाळी मीच घातलेली वेणी. मुखवटा बरोबर जागीच होता. पोरगी अख्खी वाट उलटी चालत आली होती. अजूनही तुरीकडेच बघत होती.

"अगं, उलटी का चाललीस? पडली असतीस ना!"

ती वळली नाही. हळूच म्हणाली, "आई, तू गाडी चालू कर. मी पाहून राह्यली, तोवर तो बसून राह्यते."