बुधवारची पार्लमेंट आणि माझी खुर्ची

आमच्या मंडळातले किस्से म्हणजे दह्याचे रिकामे डबे. टाकवत नाहीत, एकात एक बसत जातात आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळे अंगावर येतात! आज तसंच झालंय. म्हणून लिहायला बसले.

मंडळ म्हणजे काय, तर अमेरिकेत अल्फारेटाला मुलांकडे येऊन राहिलेले आम्ही म्हातारे, आधी चार, आता पाच. दर बुधवारी सकाळी सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये जमतो आणि इंग्लंडचा इतिहास बोलतो. राजा विरुद्ध पार्लमेंट, एवढाच विषय. हसलात? हसा! इंग्लंडच्या नव्या राजाला मुकुट घातला तेव्हा आमचं सगळं घर टीव्हीपुढे बसलं होतं. मी नातीला विचारलं, "हा करतो काय गं?"

"नथिंग, आजी. पार्लमेंट डझ एव्हरीथिंग."

मग याची पॉवर काढून घेतली कुणी? ते तिला ठाऊक नव्हतं, तिच्या बापाला नव्हतं. मला सातवीतच शाळेतून काढलेलं, मला तर नव्हतंच. पण मी लायब्ररी गाठली. चित्रांच्या पुस्तकांपासून सुरुवात केली आणि मांडीवर डिक्शनरी घेऊन जाडजूड पुस्तकांपर्यंत पोचले. मग पार्कातल्या बाकावर बसून इतरांना सांगायला लागले. मंडळ मी काढलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे लोक विसरले!

नियम एकच. खोलीत हातवाली खुर्ची एकच आहे, तीत मी बसते. मी थर्मास उचलून उभी राहिले की बैठक संपली.

*

सुरुवातीला जॉन राजा सांगितला. सरदारांनी नदीकाठच्या कुरणात त्याला घेरलं, नियमांचा कागद पुढे धरला आणि त्यावर राजाचा शिक्का घेतला. राजालाही नियम लागू, ही गोष्ट तिथून सुरू झाली.

नागपूरचे गायकवाड भाऊ डोळे मिटून ऐकत होते. मुलगी इथे डॉक्टर आहे त्यांची. ते म्हणाले, "ताई, अंगावर काटा आला बघा."

पाटकर काकूंना मात्र काटा वगैरे काही नाही. "यात काय मोठं? आमच्या सुनेने फ्रिजवर लावलाय असा कागद. फोडणी एक्झॉस्ट लावूनच. ओले टॉवेल बाल्कनीत नाहीत. मुलांना शाळेच्या दिवशी गोड नाही."

"आणि शिक्का?" भाऊंनी विचारलं.

"मॅग्नेट आहे ना! आमचाच. गणपतीचा."

*

मग सुलभाताई आल्या.

पुण्याच्या कॉलेजात इतिहास शिकवून रिटायर झालेल्या, लेकीकडे राहायला आलेल्या. पांढरा बॉबकट, गळ्यात चष्म्याची साखळी. त्या दिवशी मी माझा सगळ्यात आवडता प्रसंग सांगत होते. पहिल्या चार्ल्सला सभा बंद पाडायची होती. स्पीकर खुर्चीतून उठला की सभा संपली, असा रिवाज. स्पीकर उठायला लागला, तर सभासदांनी त्याला धरून खुर्चीत दाबून ठेवलं आणि तेवढ्यात राजाविरुद्धचे ठराव पास करून घेतले! तो बिचारा रडतोय, आणि हे त्याला उठू देत नाहीत!

मी उठून, बसून, रडून दाखवलं. टाळ्या पडल्या. सुलभाताईही मनापासून हसल्या.

"इतकी वर्षं मी हे शिकवलं," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही फार गोड सांगता हो, इंदूताई."

गोड! मी काय शिरा वाढला होता?

*

पुढच्या बुधवारी त्या लॅपटॉप घेऊन आल्या. मी गोष्ट सांगायची आणि त्यांनी भिंतीवर चित्रं दाखवायची, असं त्यांनीच ठरवलं. चार्ल्स राजा पाच सभासदांना पकडायला शिपाई घेऊन थेट सभागृहात शिरतो, तो भाग होता. मी आवाज खाली आणला, खोली गप्प झाली, आमच्यातले चौथे, अप्पा जोशी, त्यांनीसुद्धा कानातलं मशीन चालू केलं. मी म्हणाले, "आणि राजा बघतो तर काय..."

"हा त्या सभागृहाचा नकाशा," सुलभाताई म्हणाल्या आणि बटण दाबलं.

"वा!" अप्पा म्हणाले.

नकाशाला वा! राजाचं नाक कापलं जाणार होतं ते राहिलं बाजूला.

वर या बाई गाडी चालवतात. सत्तरी ओलांडून इथलं लायसन्स काढलंय. मी नऊ वर्षं या देशात शेजारच्या सीटवर बसून फिरतेय, मुलगा रिकामा असेल तेव्हा. बैठक संपली की सुलभाताई किल्ली फिरवत विचारायच्या, "कुणाला सोडू?" सगळ्यांना सोडायच्या. इंडियन स्टोअरमधून, कोथिंबीर घेऊन! याला मतं फिरवणं म्हणत नाहीत तर काय म्हणतात? मी जळत होते का? जळत होते! आवाज खाली करून का सांगू?

*

एका बुधवारी सून मला क्लबहाऊसवर सोडायला आली. आत गेले, तर खोली रिकामी. चारी खुर्च्या भिंतीला टेकलेल्या. राजा पाच जणांना पकडायला गेला तेव्हा ते नदीतून होडीने पसार झालेले होते. माझे तिघे सुलभाताईंच्या गाडीतून पीच तोडायला फार्मवर गेले होते.

"आई, तुम्हाला कुणी कळवलं नाही?" सुनेने विचारलं.

कळवलं होतं. ग्रुपवर तीन मेसेज होते. "इंदूताई, तुम्हाला पुढची सीट ठेवली आहे," असाही एक होता. पण सुलभाताईंची रोजची गुड मॉर्निंगची फुलं बघवेनात, म्हणून ग्रुप मी म्यूट केला होता.

संध्याकाळी त्यांनी पीचची पिशवी दारात आणून दिली. चांगले होते पीच. मेले, फारच चांगले होते!

*

राजाचा दूत निरोप घेऊन आला की सभागृहाचं दार त्याच्या तोंडावर आपटतात. त्याने काठीने तीनदा ठोठावायचं, मगच आत घ्यायचं. राजाने एकदा आगाऊपणा केला, तो आजपर्यंत लक्षात ठेवलाय. हे मी वाचलं आणि मला कल्पना सुचली.

बुधवारी सुलभाताईंना पाच मिनिटं उशीर झाला. त्या दारात आल्या, लॅपटॉप काखेत. मी उठले आणि त्यांच्या तोंडावर दार आपटलं. धाडकन!

आत सगळे थिजले. मला वाटलं, गेली. मग छत्रीच्या दांड्याने ठक. ठक. ठक.

दार उघडलं तर बाई आनंदाने लाल झालेल्या. "काय प्रात्यक्षिक केलंत, इंदूताई! मला कॉलेजात कधी सुचलं नाही हे!"

टाळ्या. दोघींना.

*

शेवटी एका राजाला कंटाळून पार्लमेंटवाल्यांनी त्याचा जावई समुद्रापलीकडून बोलावला आणि लेक-जावयाला गादीवर बसवलं, इथवर आम्ही आलो.

पाटकर काकू म्हणाल्या, "म्हणजे घरातला काढला आणि बाहेरून आणून बसवला?"

सगळ्यांनी सुलभाताईंकडे बघितलं. मग माझ्या खुर्चीकडे.

बाहेर पडताना भाऊ माझ्याजवळ आले. "ताई, पुढच्या बुधवारी ठराव मांडतोय. अध्यक्ष निवडून घ्यायचा. मी सुलभाताईंचं नाव सुचवणार आहे."

"मला काढताय?"

"निवडणूक मागतोय. संविधान मानणारा माणूस आहे मी. खुर्ची कुणाच्या बापाची नसते, हे दोन वर्षं तुम्हीच शिकवताय ना?"

आठवडाभर मला घास गोड लागला नाही. मुलाचं घर मुलाचं, किचन सुनेचं, गाडी दोघांची. या देशात माझी म्हणावी अशी ती एक खुर्ची होती.

*

बुधवारी मी ठेवणीतली साडी नेसून गेले. चहा ओतला, नेहमीसारखा पहिला कप अप्पांना. अप्पांचं मत तेवढ्यावर पक्कं असतं. म्हणजे मी आणि अप्पा दोन. पलीकडे भाऊ, काकू, सुलभाताई तीन. हिशेब सरळ होता. मी हरणार होते.

भाऊ उभे राहिले. "अध्यक्षांच्या परवानगीने ठराव मांडतो..."

"आज उशीर झालाय," मी म्हणाले आणि थर्मास उचलला.

मी अर्धी उठले असेन नसेन, दोन्ही खांद्यांवर हात पडले. उजवीकडून पाटकर काकू, डावीकडून सुलभाताई. दोघींनी मिळून मला खुर्चीत दाबलं!

"बसा हो!" काकू ओरडल्या.

"सोडा! साडी चुरगळतेय!"

"तुम्हीच दाखवलंत ना, कसं दाबायचं ते!" सुलभाताईंना धाप लागली होती. चष्मा साखळीला लटकत होता. भाऊंनी घाईघाईने ठराव वाचला, "सुलभाताईंना अध्यक्ष करावं. बाजूने असतील त्यांनी हात वर करा!"

भाऊंचा हात वर गेला.

अप्पा चहा प्यायले.

काकूंनी सुलभाताईंकडे बघितलं. सुलभाताईंनी काकूंकडे बघितलं. चारही हात माझ्या खांद्यांवर होते आणि माझ्या हातात थर्मास होता.

"हात वर करा!" भाऊ परत म्हणाले.

सुलभाताई माझ्या कानाशी वाकल्या. "इंदूताई, मी एक हात सोडला, तर उठणार नाही ना तुम्ही?"

मी थर्मास घट्ट धरला.

"सोडून बघ!"