पाचवा बाजार

कुरखेड्याच्या कय्यूमभाईंना महिना कळत नसे, वार कळत. सायकलच्या कॅरिअरला बांगड्यांची पेटी बांधून गेली चोवीस वर्षं ते आसपासच्या गावांचे आठवडी बाजार करत आले होते. शुक्रवार जुम्म्याचा, बाकी सहा दिवस सहा बाजार. पगार कधी हातात पडला नव्हता, त्यामुळे एक तारीख आणि वीस तारीख त्यांना सारखीच.

म्हणून माणूस बेहिशेबी होता असं मात्र कोणी समजू नये. घरातल्या फळीवर बांगड्यांची सहा रिकामी खोकी ओळीनं मांडलेली असत, आणि एकेका बाजाराच्या वाट्याला एकेक खर्च. सोमवारच्या कमाईवर किराणा, मंगळवारच्या कमाईतून नवा माल. बुधवार शाळेचा, गुरुवार दवाखान्याचा, शनिवार घरभाड्याचा नि लाईट बिलाचा, रविवार लग्नकार्याचा, पाहुण्यांचा. पावसानं एखादा बुधवार बुडाला तर वह्या पुढच्या बुधवारी येत, पण सोमवारच्या खोक्याला कोणी हात लावायचा नाही. ही सगळी घडी जाहिदाबींनी, म्हणजे कय्यूमभाईंच्या बायकोनं बसवलेली.

आता महिन्यात दोन-तीन वार पाच वेळा येतात. त्या वाराचा खर्च चार बाजारांत भागलेला असतो. मग पाचवा बाजार कोणाचा? कोणाचाच नाही. त्याची कमाई गरज नसलेल्या गोष्टीवर उडवायची, हा घरचा कायदा. कधी मटण, कधी अत्तर, एकदा तर स्टुडिओत जाऊन फोटो, ज्यात कय्यूमभाई पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसतात. फेब्रुवारीत पाचवा येतच नाही, म्हणून जाहिदाबी त्याला कंजूस महिना म्हणायच्या.

पण त्यांना स्वतःला हवं होतं ते मटणही नव्हतं नि अत्तरही नव्हतं. चोवीस वर्षं त्या घरी बसून मापाप्रमाणे बांगड्या लावून देत होत्या. रविवारच्या मंगलीच्या दोन-चार मापाच्या लाल, मंगळवारच्या सुकरीच्या दोन-सहाच्या हिरव्या. साऱ्या बाजारांतल्या, त्यातही रविवारच्या मोठ्या बाजारातल्या बायांची मनगटं त्यांना तोंडपाठ होती आणि चेहरा एकीचाही पाहिलेला नव्हता. आधी सासूचं आजारपण, मग लेकरं. ती मोठी झाली तेव्हा त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अजी, आता पाचवा रविवार येईन तवा मले बाजारात घेऊन चला. बाकी काई नको." कय्यूमभाईंनी शब्द दिला. पाचवा रविवार थेट मे महिन्यात, असं दोघंही धरून चालले होते.

आणि मध्येच मुलगा पगारदार झाला.

दानिश गडचिरोलीच्या एका कचेरीत कारकून लागला. दोन हजार चारच्या फेब्रुवारीत पहिल्याच शुक्रवारी तो घरी आला तो रेघा मारलेली वही घेऊन. पगार सुरू झाला की माणसाला दुसऱ्यांचा फालतू खर्च फार लवकर दिसू लागतो. त्याचा स्वतःचा पहिला पगार अठरा तारखेलाच संपला होता, ते त्यानं वहीत लिहिलं नव्हतं.

"अब्बा, महिन्याचं बजेट पाह्यजे. तुमी पाचव्याचे पैसे उडवून राह्यले. मार्चपासून सगळे पाचवे पोस्टात टाका. फेब्रुवारीत तर पाचवा नाईच."

कय्यूमभाईंनी मान डोलावली. पोरगा शिकलेला होता आणि त्याचं म्हणणं चुकीचंही नव्हतं. पण चुलीजवळ बसलेल्या बायकोकडे त्यांनी पाहिलं नाही, कारण पाहवेना.

जाहिदाबी उठून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेल्या आणि बोटानं रविवार मोजू लागल्या. एक, आठ, पंधरा, बावीस. मग बोट खाली सरकलं.

"काऊन रे, हे एकोणतीस कोणाची?"

दानिश बघतच राहिला. वहीत त्यानं अठ्ठावीसच रेघा मारल्या होत्या. चार वर्षांनी एकदा येणारा दिवस कचेरीतल्या बाबूच्या हिशेबातून निसटला होता. तो घाईघाईनं म्हणाला, "सुटलं माह्याकडून. चला, हीच पहिली रक्कम पोस्टात टाकू."

"नाई," कय्यूमभाई म्हणाले. आवाज एवढा ठाम निघाला की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "जो दिवस तुह्या वहीत नाई, तो तुह्या वहीचा नाई. तो तुह्या अम्मीचा."

एकोणतीस तारखेच्या रविवारी सायकल घरी राहिली आणि पेटी एसटीच्या टपावर चढली. बाजारात जाहिदाबी पेटीपाशी बसल्या, आणि पहिला हात पुढे आला तशी त्यांनी वर न पाहताच विचारलं, "मंगली का वं तू?" मंगली चकित झाली. मग जाहिदाबींनी मान वर केली आणि तिचा चेहरा पोटभर पाहून घेतला. पिकले केस, हनुवटीवर गोंदण, दोन दात पडलेले. त्यांना उगाच रडू आलं आणि हसूही आलं. पंजा चेपून त्यांनी अशा अलगद बांगड्या भरल्या की मंगली कय्यूमभाईंवरच उखडली.

"कय्यूमभाऊ, इतकी वर्सं हात सोलले माहे! बाईले काऊन नाई आणलं पयले?"

कय्यूमभाई चहा पीत, एका गिऱ्हाइकाला हात न लावता दिवसभर नुसते बसून राहिले. चोवीस वर्षांत इतकं सुख त्यांना कधी झालं नव्हतं.

संध्याकाळी घरी दानिश वाट बघत होता. जाहिदाबींनी दिवसभराची कमाई त्याच्या ओंजळीत ओतली. "घे, टाक पोस्टात."

"अन् पाचव्याचं काय घेतलं मंग?" त्यानं विचारलं.

"घेतलं ना. दिवस घेतला."

दानिशनं वही उघडून मार्चचं पान काढलं आणि या वेळी कॅलेंडर समोर धरून वार मोजले. सोमवार, मंगळवार, बुधवार, तिन्ही पाच-पाच वेळा. "दोन पोस्टाचे," तो म्हणाला, "एक तुहा. कोणता पाह्यजे?"

जाहिदाबींनी मंगळवारवर बोट ठेवलं. त्या बाजारातली सुकरी अजून पाहायची होती.