खांदा बोलला की नारळ

"बार मानेमागूनच घ्यायचा. आणि का, ते विचारायचं नाही."

नाहूरच्या आमच्या व्यायामशाळेत मी पाऊल ठेवलं त्याच दिवशी मला हा नियम ऐकवण्यात आला. ऐकवणारे आप्पा. गिरणी बंद पडल्यापासून ते सकाळ-संध्याकाळ तिथेच बसलेले असत. मी अर्थातच विचारलं, "का?"

"चेडवा, ह्या इचारूचा नाय!"

जिथे 'का' विचारायचं नसतं, तिथे किस्से माळ्यावरच्या भांड्यांसारखे साठतात. एक ओढायला जावं तर चार अंगावर येतात. हे त्यातलेच.

* * *

नियमाचा उरलेला भाग हळूहळू कळला. साकीनाक्याच्या लेथवर करून आणलेला तो जाड बार डोक्यावर न्यायचा, मानेमागे खाली आणायचा, पुन्हा वर. करता करता एक दिवस खांद्यातून 'कट्' असा आवाज येतो. त्याला म्हणायचं, 'खांदा बोलला'! म्हणजे मारुतीनं तुम्हाला आपलं मानलं. लगेच नारळ, लगेच पेढे. तोवर तुम्ही कच्चे, आणि कच्च्यांना स्पर्धेला पाठवत नसत.

मला स्पर्धेला जायचं होतं. आमच्याकडून पहिल्यांदाच मुली जाणार होत्या. तिथे वजन मानेमागून घ्यायचा प्रकारच नव्हता, पण हे कोणाला सांगणार?

"आणि दुखलं तर?" मी म्हटलं.

"दुखताच," आप्पा शांतपणे म्हणाले. "देव काय गुदगुल्यो करता?"

* * *

हनुमान जयंतीची आरती. पुढच्या रांगेत सगळी जुनी मंडळी. दंड असे की शर्टाच्या बाह्या उसवाव्यात. आरती सुरू झाली आणि मला काहीतरी विचित्र वाटायला लागलं. काय, ते चटकन कळेना. सूर ठीक, ताल ठीक.

मग दिसलं. एकाचीही टाळी पोटाच्या वर जात नव्हती.

घंटेला एक लांब दोरी बांधून ती पार कमरेपर्यंत सोडलेली होती. इतके दिवस मी समजत होते, ती लहान मुलांसाठी आहे!

* * *

मी तेव्हा बी.एस्सी.ला होते, झूलॉजी. लॅबच्या कोपऱ्यात एक सांगाडा टांगलेला असायचा. एकदा मॅडम चहाला गेल्या आणि मी त्याचा हात धरून वर केला. कोपर वाकवलं, मागे ओढलं, अगदी आप्पांना हवं तसं. दंडाचं हाड वर सरकलं आणि खांद्याच्या छपरासारख्या हाडाला टेकलं. मधल्या फटीत माझं बोट होतं, ते चिमटलं! जिवंत माणसात तिथून स्नायूचा दोर जातो. मग कोपर थोडं पुढे घेतलं, बार छातीच्या वरून, हनुवटीसमोरून नेताना असतं तसं. फट मोकळी. बोट सुटलं.

पुन्हा मागे, पुन्हा पुढे. मी रंगात आले होते. मागून लॅबचे मामा ओरडले, "ए बाई, मेलेल्याला तरी सोड!"

* * *

हे सगळं मी तावातावानं आप्पांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"तो सांगाडो यायाम करणारो होतो?"

"मला काय माहीत!"

"मगे त्याचा काय आयकतंस?"

सगळे हसले. मीच तेवढी हसले नाही.

* * *

सुनंदा आमच्याच चाळीतली, माझ्याहून ताकदवान. एका दुपारी लाइट गेले होते, पंखा बंद, सगळं चिडीचूप. सुनंदानं बार मानेमागे उतरवला आणि 'कट्'.

बाकावर बसलेल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी एकाच वेळी माना वळवल्या. सावकाश. कोणी ओळखीचं दारात येऊन उभं राहिलं असावं, तशा.

नारळ फुटला. आप्पांनी पेढा पुढे केला. सुनंदानं तो डाव्या हातानं घेतला. एरवी प्रसाद डाव्या हातात घेतला की आप्पा कडाडायचे. त्या दिवशी कोणी चकार शब्द काढला नाही.

* * *

काही दिवसांनी ती फणी घेऊन आमच्याकडे आली.

"वैजू, वेणी घालून दे ना. आईला सांगू नको हां."

"खूप दुखतं का गं?"

"आता दुखत नाही यार. हात वरच जात नाही. असं वाटतं, आतून कोणीतरी धरून ठेवलाय."

हे ती हसत हसत म्हणाली. माझ्या हातातली फणी मात्र तिथेच थांबली.

* * *

स्पर्धेला नावं द्यायची होती, त्या रविवारी सकाळी सगळी जुनी मंडळी आली. बाकावर जागा उरली नाही. सुनंदाचं नाव कोणी काढलंच नाही, जणू ती कधी तिथे नव्हतीच. आप्पा नारळ घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"आज खांदो बोललो की नाव पक्का."

मी बार उचलला. छातीवर घेतला, कोपरं पुढे, हनुवटी किंचित मागे, आणि सरळ डोक्यावर नेला. हात ताठ. खांद्यातून काही आवाज आला नाही.

"मागसून घे," आप्पा म्हणाले.

"नाही."

"वैजू, आमी सगळ्यांनी घेतलो."

"म्हणूनच नाही." मी बार खाली ठेवला. "आप्पा, मी मानेमागून घेणार नाही. आज नाही, कधीच नाही. मारुतीला मी हवी असेन तर अख्खी हवी असेन. यादीतून नाव काढायचं तर काढा!"

कोणीतरी आता ओरडेल म्हणून मी वाट बघत होते. ऐकू आलं ते मात्र आप्पांच्या हातातल्या नारळात डुचमळणारं पाणी.