लिब्राडाचं वालिंग-वालिंग

लिब्राडा आंबुआननं वालिंग-वालिंगचं ऑर्किड रानात, झाडावर फुललेलं पाहिलं होतं. आपो डोंगराच्या उतारावरच्या त्या गावात असं छातीठोकपणे सांगणारी माणसं आता फारशी उरली नव्हती. ती लहान असताना ओढ्यापलीकडच्या जुनाट झाडांच्या खांद्यांवर पावसाळा संपता संपता ती फुलं लागायची. वरच्या पाकळ्या गुलाबीसर, खालच्या तांबूस आणि त्यांवर लाल शिरांची जाळी. म्हातारी माणसं जाता-येता त्यांना मान लववायची. पुढे शहरातून लोक पोती घेऊन आले, गावातलेच बाप्ये झाडांवर चढले, आणि बघता बघता रान उघडं पडलं. तिच्या मागून जन्मलेल्यांना ते फूल शहरातल्या कुंड्यांमध्येच भेटलं.

लिब्राडा अबाका सोलायची. केळीसारख्याच दिसणाऱ्या त्या झाडाच्या सोपटातून चिवट दोरे काढायचे, वाळवायचे आणि दिगोसच्या बाजारात न्यायचे, यातच तिची उमर गेली. नवरा वारला, पोटी मूल नव्हतं. शेजारी धाकटा दीर बासिलिओ आणि त्याची बायको एदिथा. एदिथाची जीभ तिखट, पण रोज संध्याकाळी भाताची वाटी लिब्राडाकडे पोचायची.

दिगोसला मिसेस उय यांची रोपवाटिका होती. ऑर्किड बांधायला त्या लिब्राडाचाच दोरा घेत. एकदा ती दोरा द्यायला गेली, तेव्हा उय बाई इवली रोपं वाढवायची, बुरशी लागलेली एक बाटली कचऱ्यात टाकत होत्या. आतली सगळी रोपं काळी पडली होती. लिब्राडानं बाटली उजेडाकडे धरली. एका रोपाच्या पोटात अजून हिरवं होतं.

"काय होतं हो यात?"

"वालिंग-वालिंग. पण मुळं सडलीत त्याची. राहू दे, मनांग." थोरल्या बहिणीला म्हणावं तसं सगळे तिला मनांग म्हणत.

"मी नेऊ?"

"ने बाई. पण नेऊन करणार काय? रस्सा?"

"रस्साच करीन. आधी जरा अंगानं भरू दे."

घरी आल्यावर तिनं ते पावसाच्या पाण्यात धुतलं, सडकी मुळं कापली, कापलेल्या जागी हळद लावली. उरलं काय, तर दोन-तीन पानं आणि एक थोटूक. उय बाईंनी सांगितल्याप्रमाणे ओल्या शेवाळात गुंडाळून पिशवीत ठेवलं, तर आणखी एक पान पिवळं पडलं. लिब्राडा दिवसभर दोरे सोलता सोलता त्याचाच विचार करत राहिली. शेवटी उठली आणि तिनं पिशवीच फाडली.

"रानात याला कोण दुलईत गुंडाळून ठेवतं?" ती स्वतःशीच म्हणाली. "वारा खाऊन जगणारी जात ही."

तिनं ते लाकडाच्या तुकड्यावर अबाकाच्या दोऱ्यानं सैलसर बांधलं आणि मागच्या पडवीत, पाण्याच्या रांजणावर, सावलीत टांगलं. सकाळी बोटांनी पाणी शिंपडायचं. दुपारपर्यंत वाळलं पाहिजे, एवढंच पथ्य.

एदिथा भाताची वाटी घेऊन यायची आणि दारातूनच टोमणा मारायची. "माझ्या थोरल्या भावजींना कधी एवढं जपलं नाहीस, मनांग."

"ते आपल्या हातानं पाणी प्यायचे."

महिने गेले. पानं सुरकुतली, म्हाताऱ्या माणसाच्या हातासारखी. मूळ काही फुटेना. पण पान गळतही नव्हतं, आणि लिब्राडाला तेवढं पुरे होतं. मग एके सकाळी खालच्या पानाच्या बेचक्यात तिला मोहरीएवढा हिरवा फुगवटा दिसला. तिनं तो कुणालाही दाखवला नाही. दृष्ट लागते.

तो फुगवटा करंगळीएवढा लांब झाला, आणि ऑक्टोबरात डोंगर हलला.

एकदा नाही, पुन्हा पुन्हा हलला. तिसऱ्या हादऱ्याला वरचा कडा सुटला आणि लिब्राडाचं घर, पडवी, रांजण, सोललेल्या दोऱ्यांचे भारे सगळं घेऊन खाली ओढ्यात गेला. माणसं तेवढी आधीच बाहेर पळाली होती. जे हाती लागलं ते घेऊन सगळा गाव उतरला. खाली सपाटीवर शाळेच्या मैदानात निळ्या ताडपत्र्यांचे तंबू पडले. एदिथानं पोटाशी भाताचं पातेलं धरलं होतं. लिब्राडानं पदरासारखी ओढणी छातीशी घट्ट आवळली होती.

"काय वाचवलंस गं?" एदिथानं विचारलं. लिब्राडानं ओढणी उघडली. एदिथा कपाळावर हात मारून खालीच बसली. "अगं बाई! घर गेलं, चूल गेली, आणि हिनं गवत आणलं!"

ताडपत्रीखाली दुपारी भट्टी पेटायची. चार दिवसांत त्या कोवळ्या मुळाचं टोक तपकिरी झालं आणि वाळलं. घर जाताना लिब्राडाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. त्या दुपारी मात्र ती लाकडाचा तुकडा मांडीवर घेऊन ओक्साबोक्शी रडली.

संध्याकाळी पाऊस आला. एदिथानं पातेल्यातला भात केळीच्या पानावर उपसला, पातेलं धुतलं आणि ताडपत्रीच्या वळचणीखाली नेऊन ठेवलं.

"टँकरच्या पाण्याला औषधाचा वास येतो," ती लिब्राडाकडे न बघता म्हणाली. "हे घाल तुझ्या गवताला. आणि तंबूत उकडून मारू नकोस त्याला. बाहेर एवढं मोठं झाड उभं आहे, ते काय शोभेला?"

मैदानाच्या कडेला एक जुना शिरीष होता. लिब्राडानं त्याच्या खोडाच्या सावलीच्या अंगाला रोप बांधलं. दोरा कुठला? बासिलिओनं आपल्या सदऱ्याची शिवण उसवून दिला. रोज सकाळी पातेल्यातलं पाणी घेऊन ती तिथे जायची. पुढे पुढे तंबूतल्या बायका दात घासता घासता तिच्याआधीच डोकावून यायला लागल्या. वाळलेल्या मुळाच्या वर दुसरं मूळ फुटलं, ते पहिल्यांदा पाहिलं एदिथानं, आणि ओरडून सगळं मैदान गोळा केलं. दृष्टीबिष्टीचं तिला काही नव्हतं.

वरचा उतार राहण्याजोगा उरला नाही असं ठरलं. मैदानाला लागूनच गावासाठी नवी घरं बांधायची होती. सगळ्यांनी होकार दिला, एकटी लिब्राडा अडून बसली.

"माझा नवरा वर पुरलाय. माझी अबाका वर आहे. तुम्ही राहा इथे, मी जाते."

"आणि डोंगर पुन्हा आला अंगावर तर?" एदिथानं विचारलं.

"तर त्याच्याशी मी बोलेन."

घरं उभी राहिली, तंबू निघाले, तरी तिचा हेका सुटेना. अखेर एक दिवस तिनं गाठोडं बांधलं. ते पोचवायला बासिलिओ आला. निघताना रोप सोडवायला ती शिरीषाशी गेली. सदऱ्याचा दोरा केव्हाच कुजून गळाला होता. रोप आपल्या बळावर उभं होतं. पांढुरकी, जाड मुळं सालीच्या भेगांत शिरून चपटी झाली होती. तिनं एका मुळाखाली नख घालून पाहिलं. मूळ हललं नाही. सालीचा कपचा निघाला.

तिनं तो कपचा पुन्हा जागेवर दाबला.

"मनांग, ऊन चढेल," बासिलिओ म्हणाला.

"सुटत नाही रे."

"बाजूला हो. मी काढतो ओढून."

"हात लावून तर बघ!"

बासिलिओनं एकदा तिच्याकडे पाहिलं, गाठोडं खांद्यावरून उतरवलं आणि आपल्या घरात नेऊन ठेवलं.

लिब्राडाला शिरीषाजवळचंच घर मिळालं. मागच्या परसात तिनं नवी अबाका लावली. नवऱ्यासाठी मेणबत्ती लावायला ती वर्षातून एकदा वर जायची आणि दिवस मावळायच्या आत परतायची. लोक तिच्याकडे मरायला टेकलेली रोपं आणू लागले. ती आधी पाणी बंद करायला सांगायची, मग उरलेलं.

काही वर्षांनी एका सप्टेंबरात शिरीषावर तुरा आला. अख्खी वसाहत कामधंदा टाकून झाडाखाली जमली. वालिंग-वालिंग असं झाडावर उमललेलं त्यांतल्या बहुतेकांनी जन्मात पाहिलं नव्हतं. एक म्हातारा पुढे झाला, त्यानं हळूच मान लववली, आणि त्याचं बघून मागचेही वाकले. लिब्राडा खुर्चीवर बसून होती, हात मांडीवर, चेहऱ्यावर नुसतं समाधान.

"खालच्या पाकळ्या जरा मातकटच आहेत," एदिथा म्हणाली.

"जवळ जाऊन बघ, दाय," लिब्राडा धाकट्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाली.

एदिथा गेली. चवडे उंचावून, नाक फुलाला लागेल इतकी जवळ. परत आली तेव्हा तिला बोलायला शब्द सापडत नव्हता, आणि असं कुणी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.